‘छान आहे’ एवढ्यावर थांबू नका!

मुलं मोठी झाली, घरचा व्याप जरा आवरता आला, की पुष्कळजणींना राहून गेलेलं शिक्षण आठवू लागतं. कुणी बी.ए.चा अर्ज भरते, कुणी चित्रकलेच्या वर्गाला नाव घालते, तर कुणी वाचनालयाने भरवलेल्या कथालेखनाच्या शिबिराला जाऊन बसते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले, तेव्हापासून तर संसार सांभाळून शिकणं अनेकींच्या आवाक्यात आलं. फी भरली जाते, नवी वही येते, दुपारच्या चहाची वेळसुद्धा वर्गाच्या वेळेप्रमाणे पुढेमागे केली जाते. आणि मग एके दिवशी बाई सांगतात, “पुढच्या वेळी प्रत्येकीने आपलं लिखाण वर्गापुढे वाचायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं.”

नेमक्या त्याच दिवशी वर्गातली हजेरी कमी होते! कुणाकडे पाहुणे येतात, कुणाचं डोकं दुखतं. एरवी वीस माणसांचा स्वयंपाक हसत उरकणाऱ्या बाईला आपली दोन पानं पंधराजणींपुढे वाचायची म्हटलं की घाम फुटतो. कित्येकींचा वर्ग इथेच सुटतो. काही जणी वाचतात, पण एखादा शब्द मनाला लागतो आणि वही कपाटात कपड्यांच्या घडीखाली जाते ती जातेच. म्हणूनच या विषयावर जरा सविस्तर बोलावंसं वाटलं. आपलं काम सोबतच्या विद्यार्थिनींपुढे ठेवणं आणि त्यांचं म्हणणं ऐकून घेणं ही एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. शिवण-टिपण शिकावं तशी तीही शिकता येते.

मीठ कमी आणि हाताला चव नाही

आपण स्वयंपाकघरातलंच उदाहरण घेऊ. पाहुणे जेवून उठताना म्हणतात, “फारच छान झालं होतं हं!” ऐकायला बरं वाटतं, पण भाजी खरोखरच कशी झाली होती ते काही कळत नाही. याउलट एखादी व्यक्ती म्हणते, “तुझ्या हाताला चवच नाही.” यानेही काही कळत नाही. फक्त रात्रीची झोप जाते. पण जाऊबाई कढईतली भाजी चाखून सांगतात, “मीठ बेताचं पडलंय आणि वांगी अजून दोन मिनिटं शिजायला हवीत.” हे मात्र उपयोगाचं. त्यात आपल्यावर शेरा नाही, जे बोलणं आहे ते भाजीवर आहे. आणि पुढे काय करायचं तेही समजतं.

वर्गातल्या बोलण्याचंही असंच असतं. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. मुलांना एकमेकांचे निबंध वाचून मत द्यायला सांगितलं की आधी सगळ्यांचं एकच उत्तर येतं, “छान आहे, बाई!” पण “यातलं कोणतं वाक्य तुझ्या लक्षात राहिलं?” किंवा “कुठे काय चाललंय ते कळलं नाही?” असं विचारलं की तीच मुलं भराभर बोलायला लागतात. एखादा म्हणतो, “आजोबांची काठी लक्षात राहिली. पण ते गावाला का गेले ते कळलंच नाही.” ज्याचा निबंध असतो तो डोकं खाजवतो आणि म्हणतो, “अरेच्चा, ते लिहायचं राहिलंच!” मोठ्यांचंही वेगळं नाही. चांगलं उत्तर हवं असेल तर प्रश्न नेमका विचारावा लागतो.

घरच्या माणसांकडून हे होईलच असं नाही. यजमान “छान लिहितेस गं” म्हणून पेपरात डोकं घालतात, मुलं “आई, किती मोठं लिहिलंयस!” म्हणून पळतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना आपण हव्या असतो, आपली कथा नव्हे. वर्गातल्या मैत्रिणीचं मात्र निराळं आहे. ती आपल्यासारखीच त्या वाक्यांशी झटापट करत असते. म्हणून कुठे अडलं आहे ते तिला चटकन दिसतं.

आपल्याकडची जुनी रीत

ही गोष्ट काही परदेशातूनच आली असं नव्हे. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातली कवी मंडळी आपल्याला शाळेच्या पुस्तकांतून ठाऊक आहेत. ते एकत्र जमून एकमेकांना आपल्या कविता ऐकवीत आणि त्यांवर चर्चा करीत. या मंडळात एक स्त्रीही होती, मनोरमाबाई रानडे. त्यांचे पती श्रीधर बाळकृष्ण रानडे हेही मंडळात होते. त्या काळी पुरुषांच्या बैठकीत बसून आपली कविता वाचायची आणि दुसऱ्याच्या कवितेवर मतही द्यायचं, यासाठी केवढं धैर्य लागलं असेल!

आयोवाचा वर्ग

मात्र या रीतीला विद्यापीठाच्या वर्गात पक्कं स्थान मिळालं ते अमेरिकेत. आयोवा राज्यातल्या विद्यापीठात १९३६ साली लेखनाची कार्यशाळा रीतसर सुरू झाली. (याच विद्यापीठात पुढे १९६७ साली निरनिराळ्या देशांतल्या लेखकांसाठी एक वेगळा उपक्रम निघाला. १९७५ मध्ये आपले दिलीप चित्रे त्या उपक्रमाला गेले होते.) या कार्यशाळेची पद्धत अशी रुळली, की विद्यार्थ्याच्या कथेच्या प्रती आधी सगळ्यांना वाटायच्या, प्रत्येकाने त्या वाचून यायचं आणि मग वर्गात चर्चा करायची. सगळ्यात अवघड नियम म्हणजे चर्चा चालू असताना ज्याची कथा असेल त्याने तोंड उघडायचं नाही!

हा नियम ऐकून अन्याय वाटतो ना? पण त्यामागे विचार आहे. आपली कथा छापून आली, तर वाचणारीच्या घरी जाऊन “अहो, मला असं म्हणायचं होतं” असं काही आपण सांगू शकत नाही. जे सांगायचं ते पानावरच असायला हवं. वर्गात गप्प बसलं, की पानावर काय उतरलं आणि काय आपल्या मनातच राहिलं ते स्पष्ट दिसतं. 

याच वर्गात १९४५ साली फ्लॅनरी ओकॉनर नावाची वीस वर्षांची मुलगी आली. ती दक्षिणेकडच्या जॉर्जिया राज्यातली. तिचे उच्चार इतके गावाकडचे, की वर्गप्रमुख पॉल एंगल यांना पहिल्या भेटीत तिचं बोलणं कळेचना. शेवटी त्यांनी तिच्यापुढे कागद ठेवला आणि काय म्हणायचंय ते लिहून द्यायला सांगितलं. तिने लिहिलं ते एवढंच, की मी अमुक अमुक, मला लेखनाच्या वर्गात यायचं आहे. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. वर्गात सैन्यातून परतलेले पुरुष पुष्कळ, मुली मोजक्याच. फ्लॅनरी मागच्या बाकावर गप्प बसून असे. तिच्या कथा वर्गात वाचायच्या झाल्या तर एंगल स्वतः त्या वाचून दाखवत.

पण ही बुजरी मुलगी चर्चा कान देऊन ऐके. घरी जाऊन कापाकापी करी, बदल करी, पुन्हा लिहून पाही. एंगल यांनी पुढे तिच्या या चिकाटीबद्दल आवर्जून लिहिलं आहे. विद्यार्थिनी असतानाच, १९४६ साली, तिची पहिली कथा मासिकात छापून आली. १९६४ मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ती आजारपणात गेली, पण अमेरिकेच्या मोठ्या कथाकारांत आज तिचं नाव घेतात.

यातून आपल्याला काय घेता येईल? एक तर, आपलं लिखाण आपणच वाचलं पाहिजे असं नाही. आवाज कापत असेल तर शेजारच्या मैत्रिणीला वाचायला द्यावं. उलट त्यात एक फायदा आहे. ती कुठे अडखळते, कुठे श्वास घ्यायला थांबते, ते ऐकलं की आपलं कोणतं वाक्य लांबलंय ते न सांगता समजतं. दुसरं म्हणजे, धीटपणा आणि लेखन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चारचौघांत बोलता येत नाही म्हणून लिहिणं सोडायचं कारण नाही.

चार पायऱ्या

तोंडावर बोट ठेवून बसण्याची ही पद्धत सगळ्यांनाच मानवते असं नाही. अमेरिकेतल्या लिझ लर्मन या नृत्यरचनाकार बाईंना टीका करणं आणि ऐकून घेणं, दोन्हींत अवघडल्यासारखं होई. म्हणून १९९० च्या सुमारास त्यांनी स्वतःची एक पद्धत बसवली. नाचासाठी निघालेली ही पद्धत आता लेखन, चित्रकला, नाटक अशा कितीतरी वर्गांत वापरतात. तिच्या चार पायऱ्या आहेत.

समजा, एकीने आपल्या आजीच्या ट्रंकेवर एक ललित लेख लिहून वर्गात वाचला. आता पुढे काय करायचं?

पहिली पायरी : ऐकणाऱ्यांनी आपल्या मनात काय उमटलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. “ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास अगदी नाकाशी आला.” “आजी किल्ली कमरेला खोचते ते डोळ्यांपुढे उभं राहिलं.” इथे दोष काढायचे नाहीत आणि उगाच स्तुतीही करायची नाही.

दुसरी पायरी : जिचा लेख तिने प्रश्न विचारायचे. “कसं वाटलं?” असं नव्हे, तर नेमकं. “शेवटचा परिच्छेद लांबला का?” “ट्रंक कुणाला मिळाली हे मी सांगायला हवं होतं का?” ऐकणाऱ्यांनी विचारलं तेवढ्याचंच उत्तर द्यायचं.

तिसरी पायरी : आता ऐकणाऱ्यांनी प्रश्न विचारायचे, मात्र त्यात आपलं मत लपवायचं नाही. “एवढं लांबण का लावलंत?” हा प्रश्न नव्हे, टोमणा आहे! “आजीच्या लग्नाचा भाग तुम्हाला का महत्त्वाचा वाटला?” हा खरा प्रश्न. पुष्कळदा याचं उत्तर देता देता लिहिणारीलाच आपल्या लेखाची गाठ सापडते.

चौथी पायरी : एवढं झाल्यावर मतं. तीही परवानगी घेऊन. “सुरुवातीबद्दल मला काही सुचवायचंय, सांगू का?” लिहिणारीने हो म्हटलं तर सांगायचं, आज नको म्हटलं तर राहू द्यायचं.

या पद्धतीला वेळ जास्त लागतो हे खरं. एका लेखाला अर्धा-पाऊण तास सहज जातो. पण आज आठजणींनी घाईने वाचण्यापेक्षा दोघींनी नीट वाचावं आणि बाकीच्यांची पाळी पुढच्या खेपेला ठेवावी, हे केव्हाही चांगलं.

“या तुमच्या सासूबाई का हो?”

आता एक नाजूक गोष्ट. बायकांनी लिहिलेलं वाचलं की ऐकणाऱ्यांचं लक्ष कथेवरून उडून लिहिणारीच्या घराकडे जातं. कथेतली सून सासूला उलट बोलली, की लगेच कुणीतरी हसत विचारतं, “या तुमच्या सासूबाई का हो?” नवऱ्याशी अबोला धरलेल्या बाईवर कविता वाचली, तर चहाच्या वेळी दोघीतिघी काळजीने जवळ येतात. छोट्या गावात तर हे बोलणं संध्याकाळपर्यंत घरी पोचायची भीती! मग लिहिणारी पुढच्या वेळी फुलं, पाऊस, श्रावण असं काहीतरी निरुपद्रवी लिहून आणते. जे लिहिण्यासाठी ती वर्गाला आली होती ते मनातच राहतं. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान होतं ते इथेच.

यावर एक साधा उपाय आहे. पहिल्याच दिवशी वर्गाने ठरवून टाकावं, की बोलताना “तुम्ही” म्हणायचं नाही, “कथेतली सून”, “कवितेतली बाई” असंच म्हणायचं. ऐकायला किरकोळ वाटेल, पण याने हवा बदलते. लिखाणावरचं बोलणं लिखाणावरच राहतं. दुसरा ठराव असा, की वर्गात वाचलेलं वर्गाबाहेर न्यायचं नाही. त्याचे फोटो काढून इतरांना पाठवायचे नाहीत. भिशीत नाही, जिन्यात नाही, आणि मोबाईलवरच्या गटात तर नाहीच नाही!

सगळ्यांचं ऐकायचं का?

दहाजणींनी दहा गोष्टी सांगितल्या, तर करायचं काय? सगळ्यांचं ऐकून बदल केले तर लेखाची गोधडी व्हायची. इथे आणखी एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते.

सँड्रा सिस्नेरोस ही शिकागोची मुलगी. वडील मेक्सिकोतून आलेले, खुर्च्या-कोचांना गाद्या आणि कापड चढवण्याचं काम करणारे. सहा भाऊ आणि ही एकटी बहीण. सत्तरीच्या दशकात तीही आयोवाच्या त्याच कार्यशाळेत शिकायला गेली. एकदा वर्गात घर आणि आठवणी यांवर एका फ्रेंच विचारवंताच्या पुस्तकाची चर्चा चालू होती. बाकीचे विद्यार्थी माळे, जिने, तळघरं यांबद्दल रंगून बोलत होते. सँड्राचं बालपण गेलं भाड्याच्या दाटीवाटीच्या जागांत. तिच्या आठवणींत तसलं घर नव्हतंच. तिला इतकं परकं वाटलं, की वर्ग सोडून जावं असं मनात आलं. तिच्याच बरोबर शिकणारी जॉय हार्जो ही मूळ अमेरिकी जमातीतली कवयित्री. तिलाही तिथे असंच उपरं वाटे.

त्या दिवशी कुणी सँड्राच्या लिखाणाला नावं ठेवली नव्हती. पण वर्गातल्या बोलण्यात आपलं जगच नाही हे तिच्या ध्यानात आलं. मग ती चिडली, आणि त्या चिडण्यातून तिला सुचलं, की आपली ही भाड्याची घरं, आपली गल्ली, तिथल्या बायका यांबद्दल या वर्गातलं दुसरं कुणी लिहूच शकणार नाही. तेच तिने लिहायला घेतलं. १९७८ मध्ये ती पदवी घेऊन बाहेर पडली आणि १९८४ मध्ये ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ हे तिचं पुस्तक निघालं. पुढे त्याच्या लाखो प्रती खपल्या आणि शाळा-कॉलेजांतून ते अभ्यासाला लागलं. जॉय हार्जो २०१९ साली अमेरिकेची राजकवी झाली.

म्हणून वर्गातून आलेल्या सूचना मी तीन वाट्यांत निवडाव्या असं म्हणेन. पहिल्या वाटीत ‘कळलं नाही’ अशा सूचना. कोण कुणाची बहीण, हे मुंबईत घडतं की कोकणात, असलं काही तिघीचौघींना कळलं नसेल तर मुकाट्याने दुरुस्त करावं. तिथे मान-अपमान नाही. दुसऱ्या वाटीत ‘मी असं केलं असतं’ अशा सूचना. त्या ऐकाव्या, पटल्या तर घ्याव्या. तिसऱ्या वाटीत ‘असल्या विषयावर लिहायचंच कशाला’ अशा. यांचा विचार मात्र जपून करावा. ज्या गोष्टीने वर्ग अस्वस्थ झाला, तीच कदाचित आपली खरी सांगायची गोष्ट असेल.

आणि कुठलाही बदल त्याच रात्री करू नये. वही दोन दिवस मिटून ठेवावी. लागलेला शब्द तोवर जरा बोथट होतो आणि कामाचा शब्द मात्र आपोआप आठवत राहतो.

जवळ वर्ग नसेल तर

सगळ्यांच्या गावात असे वर्ग असतील असं नाही. तिथे दोघीतिघी मैत्रिणीही पुरतात. इंग्लंडमधल्या हॉवर्थ या लहानशा गावी ब्राँटे बहिणी राहत. घरकाम, शिवणकाम आटोपलं की रात्री जेवणघरातल्या टेबलाभोवती फेऱ्या मारत त्या एकमेकींना आपल्या कादंबऱ्यांबद्दल सांगत, लिहिलेलं वाचून दाखवत. शार्लट ब्राँटेने तर बहिणींशी वाद घातला होता, की नायिका रूपवानच कशाला हवी, मी दिसायला साधी आणि ठेंगणी नायिका करून दाखवते! १८४७ साली आलेली ‘जेन आयर’ ही ती कादंबरी. बहिणींच्या सांगण्यावरून ती फारसं बदलत नसे म्हणे, पण त्यांना ऐकवल्याशिवाय तिला राहवतही नसे.

तुम्हीही असा गट काढणार असाल, तर एवढं ध्यानात ठेवा :

* चार ते सहाजणी पुरेत. फार झाल्या की गप्पाच होतात.
* वार आणि वेळ ठरलेली हवी. ‘जमेल तेव्हा’ म्हटलं की कधीच जमत नाही.
* शक्य तर लिखाणाची प्रत दोन दिवस आधी सगळ्यांना द्या. आयत्या वेळी ऐकून मत देणं कठीण जातं.
* वाचण्यापूर्वी “मला काही येत नाही हो, सहज लिहिलंय” अशी प्रस्तावना नको. त्याने ऐकणाऱ्या आधीच ‘छान, छान’ म्हणायला बांधल्या जातात.
* कोणत्या दोन गोष्टींबद्दल मत हवंय ते आपण आधीच सांगा.
* ऐकताना वहीत लिहून घ्या. हात कामात असला की तोंड सफाई देत नाही!
* मत देताना पानावरच्या जागेकडे बोट दाखवा. ‘रटाळ आहे’ म्हणू नका, ‘दुसऱ्या पानावर लग्नाच्या याद्या सुरू झाल्या तिथे माझं लक्ष उडालं’ असं सांगा.
* फराळाचा बेत साधा ठेवा. नाहीतर ज्यांच्या घरी बैठक त्या बाईचा सगळा वेळ ओट्यापाशी जातो आणि तिचं वाचायचं राहतं.

आणि सगळ्यात शेवटचं. एखादीने आज वाचलं आणि पुढच्या खेपेला ती आली नाही, तर तिला फोन करा. “काल का नाही आलात?” एवढंच विचारू नका. तिच्या लिखाणातली लक्षात राहिलेली एक गोष्ट नेमकी सांगा आणि विचारा, “पुढे त्या ट्रंकेचं काय झालं हो?” तिला वही पुन्हा काढायला तेवढं निमित्त पुरेल.